पत्ते सोडण्याचे मोल

परमार्थात 'सोडणे' हा शब्द फार मोठा आहे. धरणे सर्वांस येते. तान्हे मूलही हाती आलेले खेळणे घट्ट धरते. सोडणे मात्र शिकावे लागते, आणि ते शिकविण्यासाठीच शास्त्रे, संत आणि गुरु यांची योजना आहे. या सोडण्यासंबंधीच एक विलक्षण प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचे योजिले आहे.

पनवेल तालुक्यातील एका गावी सप्ताहाचा काला झाल्यावर एका माळकरी गृहस्थांनी विचारले, "बुवा, थोरला पोरगा पत्त्यांत पार बुडाला. आता म्हणतो, बाबा, एकदाच पंचवीस लाख द्या, पुन्हा पानाला हात लावणार नाही. जमिनीच्या पैशांतले तेवढे शिल्लक आहेत. द्यावे का?" हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. थोड्याफार फरकाने तो अनेक घरांत विचारला जात आहे. म्हणून गावाचे वा घराचे नाव घेण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र नीट पारखून घेतला पाहिजे.

आमच्या या भागाची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांची जमीन संपादनाखाली आली. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्याचे फळ म्हणून विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना आली. पुढे विमानतळासाठी जमीन गेली, तेथे साडेबावीस टक्क्यांचे ठरले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. ज्या पिढीने आयुष्यात शंभराची नोट मोडताना दोनदा विचार केला, तिच्या मुलांच्या हाती लाखांचे आकडे आले. पुष्कळांनी त्या पैशाचे सोने केले. घरे बांधली, मुले शिकविली, देवळांचे जीर्णोद्धार केले. परंतु काही घरांत तो पैसा पानावर लागला. ज्या पैशामागे पाच जणांचे रक्त आहे तो एका रात्रीत तीन पानांवर जावा, याचे दुःख शब्दांत सांगता येत नाही.

खेळ तरी कोणता? आमच्याकडे गौरी-गणपतीच्या जागरणात पत्ते मांडण्याची जुनी सवय आहे. तीन पत्ती आणि रमी सर्वांच्या ओळखीची. त्यात पोकर नावाचा तीन पत्तीचा विलायती थोरला भाऊ येऊन बसला. पूर्वी तो गोव्याच्या बोटीवर जाऊन खेळत. पुढे मोबाइलमधून उशाशी येऊन बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ बंद केले. सरकारने आपले काम केले. पण दुकान बंद झाले म्हणजे भूक बंद होत नाही. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, तरी त्याच मुंबईत १९६० नंतरच्या काळात मटक्याचे साम्राज्य उभे राहिलेच की! तेव्हा खरा प्रश्न आतल्या भुकेचा आहे. ती भूक पैसे देऊन विकत घेता येते काय?

प्रथम पूर्वपक्ष ऐकून घेऊ. पूर्वपक्षी तीन गोष्टी सांगतो.

तो म्हणतो, "बुवा, हा जुगार नाही, हे कौशल्य आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले. मग पोकरमध्ये तरी काय वेगळे?" दुसरे असे की, "शास्त्रालाही तो मान्य आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात. कोजागरीच्या जागरणात फाशांनी खेळावे असे सांगितले आहे. आणि गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी द्यूत ही आपली विभूती म्हटली आहे." तिसरे असे की, "आम्ही यातून मिळवितो. कमाई सोडावयाची तर भरपाई नको का? नोकरी सोडणाऱ्यालासुद्धा काही रक्कम मिळते."

पहिल्याचे उत्तर महाभारतातच आहे. वनपर्वातील नलोपाख्यान पहा. नळ पुष्कराशी फासे खेळून राज्य गमावतो. पुढे ऋतुपर्णाकडून त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची आणि गणिताची गूढ विद्या मिळते. त्या बदल्यात तो ऋतुपर्णाला अश्वविद्या देतो. मग तो परत येऊन पुष्कराशी खेळतो आणि जिंकतो. म्हणजे कौशल्य खरे आहे, ते कोणी नाकारीत नाही. परंतु जिंकल्यावर नळाने काय केले? एकच डाव खेळला आणि उठला. पुष्कराला क्षमा केली, त्याचा वाटा त्याला देऊन सन्मानाने घरी पाठविले. विद्या आली त्याची खूण ही, की उठता आले. जो म्हणतो मला खेळ येतो, आणि पहाटे तीनला उठवत नाही, त्याला खेळ येत नाही. खेळाला तो येतो!

दुसऱ्याचे उत्तर ज्ञानोबारायांनी दिले आहे. विभूती म्हणजे ज्या ज्या वर्गात जे सर्वांत प्रभावी, तेथे माझे सामर्थ्य ओळख, असे भगवंत सांगत आहेत. कपट करणाऱ्यांच्या कलांत द्यूत श्रेष्ठ. कारण ही भरचौकात केलेली चोरी असून कोणाला अडविता येत नाही, असा त्यावर माउलींचा अभिप्राय आहे. अहो, ही द्यूताची स्तुती म्हणावयाची की पंचनामा? सिंह आणि मगर यांचीही नावे त्याच अध्यायात आहेत, म्हणून कोणी मगरीच्या जबड्यात हात घालीत नाही. द्यूतप्रतिपदेचे म्हणाल तर शिव-पार्वतीच्या खेळाची आठवण म्हणून वर्षातून एक दिवस सांगितला. शास्त्राने एका दिवसाची वाट दिली आहे, तीनशे चौसष्ट दिवसांची नव्हे.

तिसरा मुद्दा कमाईचा. येथे थोडा हिशेब करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे; जिंकणाऱ्याच्या धनातून शेकडा पाच घ्यावेत असा त्याचा नियम आहे. आजचा अड्डेवाला यालाच 'नाल' म्हणतो. समजा, सहा जण प्रत्येकी १०,००० रुपये घेऊन बसले. मेजावर ६०,००० झाले. प्रत्येक डावात सरासरी ४,००० रुपये गोळा होतात आणि शेकडा पाचप्रमाणे २०० रुपये नालेत जातात. तासाला वीस डाव झाले तर ४,००० गेले. दहा तासांच्या रात्रीत ४०,००० गेले! पहाटे सहा जणांमध्ये उरले २०,०००. त्यात एखादा जिंकलेलाही असेल, आणि त्याच्या जिंकण्याची गोष्ट गावभर होईल. पण उरलेल्या पाचांच्या घरची चूल कशी पेटली हे कोणी सांगत नाही. शेतात एक दाणा पेरला तर शंभर येतात. येथे साठ पेरले आणि वीस उगवले. याला कमाई म्हणावयाचे असेल तर दुष्काळाला सुगी म्हणावे लागेल.

तरीही माणूस परत परत बसतो. का बसतो? हे ज्याला कळले त्याला मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त आहे, त्यास अक्षसूक्त म्हणतात. त्यात जुगारी स्वतःच बोलतो. बायको दूर सारते, सासू द्वेष करते, आईबाप आणि भाऊ 'आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या' म्हणतात, हे सर्व त्याला कळते. उद्यापासून जाणार नाही असा निश्चयही तो करतो. पण पटावर फासे पडल्याचा आवाज आला, की पाय आपोआप तिकडे वळतात. बेहड्याच्या झाडाची ती फळे. हात नसून हातवाल्याला जिंकतात, थंड असून काळीज जाळतात, असे ऋषी म्हणतो. आणि शेवटी उपदेश काय? फासे खेळू नकोस, शेती कर, आहे त्या धनात समाधान मान. तेथेच गाई आहेत, तेथेच पत्नी आहे. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे असा निर्णय दिला, त्या निकालपत्रात या सूक्ताचा आधार घेतलेला आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या एका जुगाऱ्याचे रडगाणे न्यायमूर्तींच्या उपयोगी पडले!

या सूक्तात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो जुगारी 'मला धन मिळाले असते तर मी थांबलो असतो' असे कोठे म्हणत नाही. त्याला ओढतो तो आवाज. पैसा हे त्याचे ध्येय असते तर पैसा मिळाल्यावर तो उठला असता. पण जुगाऱ्याला पैसा लागतो तो शेतकऱ्याला बियाणे लागते तसा. बियाण्याचे पोते घरात आले, म्हणून शेतकरी शेती सोडतो काय? पाऊस पडण्याची वाट पाहतो! तसेच पंचवीस लाख हाती आले, की जुगारी मोठ्या डावाची वाट पाहतो. म्हणून जुगार सोडण्याची किंमत पैशात देणे म्हणजे दारू सोडण्याची किंमत बाटल्यांत देण्यासारखे आहे. इतर व्यसनांत पैसा बाहेरची वस्तू असते. या व्यसनात तीच वस्तू, तीच किंमत आणि तेच विष आहे.

याला दाखला सभापर्वाचा. धर्मराजांनी राज्य लावले, भाऊ लावले, स्वतःला लावले, शेवटी द्रौपदीला लावले, हे सर्वांस ठाऊक आहे. कीर्तनात येथपर्यंतच कथा रंगते. परंतु पुढचा भाग अधिक भयंकर आहे. धृतराष्ट्राने द्रौपदीला वर मागण्यास सांगितले. तिने एका वराने धर्मराजांची सुटका मागितली, दुसऱ्याने चौघा भावांची, शस्त्रे व रथांसह. तिसरा वर देऊ केला तो तिने घेतला नाही. मागणे कोठे थांबवावे हे त्या साध्वीला कळत होते. मग धृतराष्ट्राने सारे राज्य, सारे धन परत दिले. आता पहा, जुगार सोडण्यासाठी याहून अधिक कोणी कोणाला काय देणार? गेलेले सर्व, कवडी न कवडी, परत मिळाले. आणि पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेवर असतानाच दूत आला, 'पुन्हा एक डाव', आणि धर्मराज परत फिरले. त्या एका डावाने बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास झाला. धर्मराजांना वडिलांची आज्ञा मोडवेना, आव्हान नाकारवेना, हे खरे; त्या पुण्यपुरुषाला आपण दोष देऊ नये. पण व्यासांनी ही कथा लिहून ठेवली ती आपल्यासाठी. सर्व काही परत देऊनही जेथे धर्मराज थांबले नाहीत, तेथे पंचवीस लाखांत तुमचा-आमचा मुलगा थांबेल काय?

कोणी म्हणेल, "मग कर्ज फेडूच नये काय? त्याला सावकाराच्या तोंडी द्यावे?" तसे नाही. याचे उत्तर शूद्रकाच्या मृच्छकटिकात फार सुंदर आले आहे. पाठशाळेत ते नाटक शिकताना दुसऱ्या अंकाला विद्यार्थी पोट धरून हसतात. पण तो अंक हसण्यावारी नेण्याचा नाही. संवाहक नावाचा, पूर्वी चारुदत्ताच्या सेवेत असलेला, अंग रगडणारा एक गरीब माणूस द्यूतात दहा सुवर्ण हरतो. सभिक माथुर, म्हणजे अड्ड्याचा मालक, त्याच्या मागे लागतो. संवाहक एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर चतुर, त्याने ओळखले. तो दुसऱ्या जुगाऱ्यासह तेथेच, त्या मूर्तीसमोर, फासे मांडून बसला. झाले! पकडले गेलो तर मार बसेल हे ठाऊक असूनही फाशांच्या आवाजाने संवाहकाला राहवेना, आणि देवच खाली उतरून खेळावयास आला! भीतीपेक्षा ओढ बलवान ठरली. पुढे मार खाऊन, पळून तो वसंतसेनेच्या घरी शरण जातो. ती आपले कंकण दासीहाती माथुराकडे पाठवून त्याचे ऋण फेडते. 'जुगार सोडशील तर देते' असे ती म्हणत नाही. त्याच्याकडून वचन घेत नाही, कागद करीत नाही. आणि ऋणमुक्त झालेला संवाहक आपण होऊन म्हणतो, या अपमानाने मला विटाळ आला, मी भिक्षु होतो. उलट तीच त्याला म्हणते, एवढे साहस करू नकोस. पण तो जातो, आणि पुढे आठव्या अंकात तोच भिक्षु वसंतसेनेचे प्राण वाचवितो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पहाव्यात. वसंतसेनेने दिले ते ऋणाचे धन, आणि ते गेले धनकोच्या हातात. सोडण्याचे मोल तिने दिले नाही. सोडणे हे संवाहकाच्या अंतःकरणात उपजले. ऋण फेडता येते, त्याग फेडता येत नाही. पैसे देऊन घेतलेला त्याग हा त्याग नव्हे, तो विक्रय होय. आणि विकलेली वस्तू जास्त भाव मिळाला की परत विकत घेता येते. आज पंचवीस लाखांत सोडले, उद्या पन्नास लाखांच्या आशेने धरले. यात कोणता वचनभंग झाला? व्यापाऱ्याने व्यापार केला!

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हेच सूक्ष्म सांगितले आहे. उपाशी राहिले की विषय दूर होतात, पण विषयांचा रस, म्हणजे आतली गोडी, राहते. ती जाते परतत्त्व अनुभवाला आले म्हणजे. त्यावर माउली दृष्टांत देतात तो झाडाचा: वरवर पालवी खुडावी आणि मुळाशी पाणी घालावे, मग ते झाड वाळेल कसे? या घरात तेच चालले आहे. मुलाकडून पत्ते हिरावून घेणे ही पालवी खुडणे. त्याच वेळी त्याच्या हाती पंचवीस लाख देणे हे मुळाशी पाणी घालणे. दोन्ही हात एकमेकांविरुद्ध काम करीत आहेत. म्हणून म्हणतो, देऊ नयेत.

एक आक्षेप उरला. पाश्चात्त्य देशांतील काही दवाखान्यांत व्यसनी माणसाला, तो व्यसनापासून दूर राहिल्याची तपासणी झाली, की लहानसे बक्षीस देतात, आणि अमली पदार्थांच्या व्यसनात त्याचा उपयोग होतो असे डॉक्टर सांगतात. मग पैसा उपयोगी पडतोच ना? पडतो; पण ती रीत पाहावी. तेथे आधी संयम, मग बक्षीस. तेही थोडे थोडे, दिवसामागून दिवस, आणि पुष्कळदा वस्तूंच्या चिठ्ठीच्या रूपाने. ती चालत्या मुलाला बोट देण्यासारखी युक्ती आहे. 'आधी पंचवीस लाख, मग सोडतो' हे बोट नव्हे, ही खंडणी आहे. डॉक्टरांच्या शास्त्राला आम्ही नाके मुरडीत नाही. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली जुगाराचे वेड अधिकृतपणे व्यसनांच्या वर्गात घातले. ऋग्वेदातल्या त्या ऋषीला ते ऐकून समाधानच वाटले असते.

आता हाच प्रश्न आपण स्वतःकडे वळवू. जुगाऱ्याला दोष देणे सोपे आहे. कार्तिकीला आपल्या भागातून आळंदीला पायी जाणाऱ्या दिंडीतल्या एखाद्या म्हातारीला विचारून पहा, "आजी, किती पैसे दिले तर वारी सोडशील?" ती रागावणार नाही, हसेल. तिला तो प्रश्नच कळणार नाही. तुकोबारायांनी देणेकऱ्यांच्या खतपत्रांचा निम्मा वाटा भावाला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडविला. त्याबद्दल त्यांना कोणी काय दिले होते? काही नाही. ज्याला पंढरीनाथ सापडला त्याच्या हातून बाकीचे गळून पडले. आणि ज्याची किंमत सांगता येते ते आपले दैवत नव्हे, हे ध्यानात ठेवावे. एकादशी किती रुपयांना सोडाल? नित्यपाठ किती रुपयांना? आकडा मनात आला असेल तर तेवढीच आपली निष्ठा. आम्हां कीर्तनकारांनाही हा प्रश्न सुटत नाही. हरिकथेचे मोल घेऊ नये अशी तुकोबारायांची शिकवण असता आज बिदागीचे आकडे गावोगाव बोलले जातात. भाव ठरल्याशिवाय जो उभा राहत नाही, त्याने जुगाऱ्याला त्यागाचा उपदेश करण्यापूर्वी आपल्या टाळमृदंगाकडे एकदा पाहावे.

जुगारी आणि भक्त यांच्यात एक साम्य आहे, म्हणून जुगाऱ्याविषयी आशा धरावी. रात्र रात्र जागावयाची, भूक-तहान विसरावयाची, लोकांची निंदा सोसावयाची, एकाच गोष्टीवर चित्त ठेवावयाचे. एवढी एकाग्रता परमार्थात किती जणांना साधते? सामर्थ्य आहे, पण लागले भलत्या जागी. पाण्याचा लोंढा अडविता येत नाही, पाट काढून वळविता येतो. भातखाचरे कसलेल्या लोकांना हे सांगणे नलगे.

म्हणून त्या गृहस्थांस आणि त्यांच्यासारख्या सर्व वडिलांस प्रत्यक्ष व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, मुलाच्या हाती रोकड देऊ नये. दुकानदाराचे, बँकेचे, शेजाऱ्याचे खरे देणे असेल तर वडिलांनी स्वतः जाऊन, पावती घेऊन चुकते करावे. जुगारात हरलेला पैसा मात्र देणेच होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार शून्य आहे आणि त्यासाठी दावा चालत नाही. विनापरवाना सावकारी करणाऱ्याविरुद्ध २०१४ पासून महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. दमदाटीला भिऊन घर गहाण टाकू नये, पोलिसांकडे जावे. आमचे धर्मशास्त्रही तेच सांगते. बापाचे ऋण मुलाने फेडावे हा सामान्य नियम. पण मद्य आणि द्यूत यांपायी केलेले बापाचे ऋण मुलावर येत नाही, असे याज्ञवल्क्यांनी स्पष्ट म्हटले आहे. बापाचे असले ऋण जर मुलावर येत नाही, तर मुलाचे असले ऋण म्हाताऱ्या बापाच्या माथी कोणत्या शास्त्राने येते?

दुसरी, उरलेली जमिनीची रक्कम सुनेच्या आणि नातवंडांच्या नावे सुरक्षित करावी. अक्षसूक्तातील ऋषीने गाई आणि पत्नी यांच्याकडे बोट दाखविले ते उगीच नव्हे.

तिसरी, मुलाला घराबाहेर काढू नये, एकटेही सोडू नये. त्याला समजूतदार डॉक्टरांकडे न्यावे. पुण्यास डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. अशा ठिकाणी विचारणा करण्यात कमीपणा नाही. अमेरिकेत १९५७ पासून जुगार सोडू इच्छिणाऱ्यांचे मेळे भरतात. एकमेकांस आपली कहाणी सांगतात, एकमेकांस धरून राहतात. आपण यालाच सत्संग म्हणतो. ज्या संगतीने बिघडले त्याहून बलवान संगत लागते, हा नियम दोहोंकडे एकच.

चौथी आणि मुख्य, माळ. काही जण म्हणतात, माळ घालू, मग सुटेल. घालावी, पण आमिष म्हणून नव्हे आणि दडपण म्हणूनही नव्हे. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात पत्त्यांचा जोड अशी स्थिती दोघांचाही अपमान करणारी आहे. त्याने आधी एक एकादशी पाळावी, एक रात्र भजनात बसावे, टाळ हाती घ्यावा. जी बोटे रात्रभर पाने पिसतात त्यांना टाळ धरावयास काही अडचण नाही. गोडी लागली की माळ तो स्वतः मागेल. मग ती पंचवीस लाख देऊनही कोणी उतरवू शकणार नाही.

गावकऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. गौरी-गणपतीच्या जागरणात आपल्याच ओटीवर पान मांडावयाचे, वडीलधाऱ्यांनी 'सणाचे दिवस आहेत' म्हणून हसावयाचे, आणि पुढे पोर बुडाले की नशिबाला बोल लावावयाचा, हे थांबले पाहिजे. ज्या मंडपात देव बसला आहे त्या मंडपात भजनी मंडळाची बारी लावावी. लहान मुलांसमोर पान खेळू नये. हे काम एका वर्षात होणारे नाही. पण एका गावाने एका वर्षी एक रात्र बदलली, तरी पुढच्या वर्षी शेजारचे गाव विचारील.

तात्पर्य एवढेच की व्यसन सोडण्याला मोल नाही. कोणी देऊ शकत नाही आणि घेणाऱ्याला ते पचत नाही. मिळते ती गोडी. आणि ती देण्यास पंढरीचा राणा विटेवर युगानुयुगे उभा आहे. कटेवरचे हात त्याने अजून खाली घेतलेले नाहीत, आणि त्याच्या दारी कोणाला किंमत विचारलेली कोणी ऐकलेली नाही.

रामकृष्णहरि.